कॅमेरावालं कानकोरणं : बघायला चार तारे, कोरायला शून्य

चार महिने वापरून मगच लिहायचं असं ठरवलं होतं, कारण या वस्तूची बहुतेक परीक्षणं खोकं उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेली दिसतात. ‘अप्रतिम! केवढा मळ निघाला!’ आणि खाली पुरावा म्हणून फोटो. तसलाच एक फोटो बघून मीही हे मागवलं, त्यामुळे नाक मुरडायचा अधिकार मला फारसा नाही.

आधी माझ्या कानांबद्दल सांगते. मी ध्वनिमुद्रणं ऐकून मजकूर उतरवते. मुलाखती, बैठका, व्याख्यानं. दिवसाचे सात-आठ तास कानात इअरफोन, तेही भोकात घट्ट बसणारे, रबरी टोपीचे. लोक पुटपुटतात, एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात, ऐन महत्त्वाच्या शब्दाला कुणीतरी खुर्ची सरकवतं. त्यातून नेमका शब्द वेगळा काढायचा, हे माझं पोटापाण्याचं काम. एवढं असून वयाच्या ४९ वर्षांपर्यंत कानात नक्की काय असतं, याचा मी कधी विचार केला नव्हता. अंघोळ झाली की कापसाची काडी फिरवायची आणि पिवळं बोळं कचऱ्यात टाकायचं. विषय संपला.

मग एका सकाळी डोक्यावरून अंघोळ केली आणि डाव्या कानाला दडा बसला. पाणी गेलं असेल म्हणून मान वाकडी करून एका पायावर उड्या मारल्या. जांभया दिल्या. दुपारी कामाला बसले तर वाटलं, इअरफोनच गेला. डावा उजव्या कानात घातला, उजवा डाव्यात. तरी डावीकडून येणारं सगळं उशीखालून आल्यासारखं. गंमत म्हणजे मी स्वतः ‘हं’ म्हटलं की तो हुंकार मात्र नेमका डाव्याच कानात घुमायचा. बंद कानात आपला आवाज मोठा कसा, हे काही कळेना. घरच्यांना ‘माझा आवाज मोठा येतोय का’ असं दहादा विचारून झालं. शेवटी मुलगा म्हणाला, “आई, तुझा आवाज नेहमीच मोठा असतो.”

त्या रात्री मी हे यंत्र मागवलं.

खोक्यात जाडसर बॉलपेनएवढी एक दांडी येते. टोकाला साडेतीन मिलिमीटरचा कॅमेरा, त्याच्याभोवती सहा इवले दिवे. टोकावर चढवायला सिलिकॉनचे सहा लहान-मोठे चमचे. चार्जिंगची वायर. आणि भेट म्हणून, कुणीही न मागितलेली, सात धातूच्या कानकोरण्यांची डबी; त्यातली एक तर स्प्रिंगसारखी पिळलेली. सोबतच्या पत्रकावर हसऱ्या बाईचं चित्र आणि ‘आठवड्यातून दोनदा वापरा’ असा सल्ला. या सल्ल्याबद्दल पुढे बोलते.

जोडणी सोपी आहे. दांडी स्वतःचं वायफाय सोडते, फोन त्याला जोडायचा, अ‍ॅप उघडायचं, की पडद्यावर चित्र. तेवढा वेळ फोनचं इंटरनेट बंद. बॅटरी तासभर टिकते, आणि कानात बघायला तास लागत असेल तर तुमचा प्रश्न बॅटरीचा नाही. अ‍ॅपला मात्र माझा ठावठिकाणा हवा होता, फोटो हवे होते, वर संपर्कयादीही हवी होती. माझ्या कानाचा माझ्या संपर्कयादीशी काय संबंध? संपर्कयादी नाकारली, तरी चालतं. ठावठिकाणा नाकारला तर दांडी सापडतच नाही असं म्हणतं, म्हणून तो फक्त वापरापुरता दिला. अ‍ॅपला दोन तारे, तेही दयेपोटी.

चित्र मात्र, खरं सांगते, थक्क करणारं आहे. पहिल्यांदा उजव्या, म्हणजे चांगल्या कानात घातलं. आधी केसांचं रान, केसांना चिकटलेले पिवळट कण, मग गुलाबी बोगदा. बोगदा सरळ नसतो, किंचित नागमोडी असतो. पाळी मागे आणि वर ओढली की तो थोडा सरळ होतो. आणि शेवटाला मोत्यासारखी राखाडी, किंचित पारदर्शक, ताणलेली चकती. पडदा. आत एक हाडाची काडी वरून तिरकी उतरलेली दिसते आणि खाली पुढच्या बाजूला एक चकाकता त्रिकोण. मला वाटलं, दिव्याचा डाग आहे, भिंग पुसलं. त्रिकोण तिथेच. तो डाग नव्हता. पडदा निरोगी असला की प्रकाश तसा परततो, घड्याळाच्या भाषेत उजव्या कानात पाचच्या काट्याला आणि डाव्यात सातच्या. जेमतेम एक सेंटिमीटर रुंद आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी जाड अशी ही कातडी, आणि आयुष्यभर ऐकलेलं सगळं तिच्यावर आदळून आत गेलेलं. मी नवऱ्याला हाक मारली, मुलाला मारली. सासूबाई चष्मा लावून आल्या आणि म्हणाल्या, “चंद्रासारखं दिसतंय गं.” चार तारे मी या चित्रासाठी देते आहे.

मग डावा कान. चंद्र नाहीच. अर्ध्या वाटेवर बोगदा बंद, आणि तो बंद करणारी गोष्ट गडद तपकिरी, बुटाच्या पॉलिशसारखी चकाकती. फोनच्या पडद्यावर ती भिंतीएवढी दिसते. ही या यंत्राची पहिली फसवणूक आहे, मुद्दाम केलेली नसली तरी: जे वाटाण्यापेक्षाही लहान असतं, ते डोंगर होऊन समोर येतं. डोंगर दिसला की माणसाचा हात शिवशिवतो. उजव्या कानातले ते केसांना चिकटलेले चार कणसुद्धा मला घाण वाटायला लागले होते, आणि ते तिथेच असायला हवे असतात.

मी कोरलं. हे कबूल करायलाच हे परीक्षण लिहिते आहे.

कॅमेऱ्याचं चित्र सपाट असतं, हे कोरायला लागल्यावर कळतं. एका डोळ्याने सुईत दोरा ओवून बघा, तसं. चमचा मळाला टेकला आहे की अजून दोन मिलिमीटर लांब आहे, याचा अंदाजच येत नाही. वर हात डावीकडे नेला की चित्र भलतीकडे सरकतं, आणि हाताच्या मागे क्षणभर रेंगाळतं. रेंगाळणं अगदी थोडं असतं, पण कानात थोडंही पुष्कळ झालं. मी जपून, जपून पुढे गेले, चमचा कुठेतरी टेकला आणि मला जोरात खोकला आला. घशात काही नाही, सर्दी नाही, तरी खोकला. हात हलला. फोनच्या पडद्यावर लाल ठिपका. कान ठणकला.

तो खोकला कुठून आला, ते मला नंतर कळलं आणि ते ऐकून मी कॅमेऱ्यापेक्षा जास्त चकित झाले. घसा, फुप्फुसं, हृदय, पोट यांच्याकडे जाणारी जी एक लांबलचक मज्जातंतू आहे, तिची एक बारीक फांदी कानाच्या भोकाच्या कातडीत येते. काही लोकांच्या कानात तिथे स्पर्श झाला की मेंदूला वाटतं घशात काहीतरी आहे, आणि खोकला सुटतो. सगळ्यांना होत नाही. मला होतं. म्हणजे कानात टोकदार वस्तू असताना नेमका धक्का बसेल, अशी सोय माझ्या शरीरातच करून ठेवलेली आहे. पत्रकावरच्या हसऱ्या बाईला हे कुणी सांगितलेलं दिसत नाही.

कोरून काय निघालं? चमच्याला लागलेला एक ओशट थर. बाकीचा मळ आत सरकला. संध्याकाळपर्यंत डावा कान पूर्ण बंद.

इथे जाहिरातीबद्दल बोलते. तिच्यातल्या चित्रफितीत चमचा जातो आणि कोरडी, फिकट, पापुद्र्यासारखी खपली अखंड उचलून आणतो. बघायला फार बरं वाटतं. माझ्या कानातून तसं काही येणं शक्यच नव्हतं, कारण कानातल्या मळाच्या दोन जाती आहेत. एक ओला, मधासारख्या ते तपकिरी रंगाचा, चिकट. दुसरा कोरडा, राखाडी, भुरभुरीत. कुणाचा कुठला, हे जन्मजात ठरतं, आणि ते एबीसीसी-११ नावाच्या एका जनुकातल्या एकाच अक्षराच्या फरकावर, हे २००६ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं. पूर्व आशियात बहुतेकांचा कोरडा, युरोप-आफ्रिकेत बहुतेकांचा ओला. काखेतल्या घामाला वास येतो की नाही, तेही याच जनुकाशी जोडलेलं आहे. तेव्हा चमच्याने खपली उचलण्याचा तो देखावा कोरड्या जातीच्या कानातला. ओल्या जातीच्या कानात चमचा म्हणजे भिंतीला गिलावा करणं. खोक्यावर याबद्दल अवाक्षर नाही. अर्थात कोरडा असला तरी कोरणं योग्य ठरत नाही. फक्त निराशा कमी होत असेल.

दुसऱ्या दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी नादकाटा ठोकून त्याची दांडी माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवली. “आवाज कुठे येतोय?” डावीकडे. बंद कानातच! माझ्या हुंकाराचं कोडं तिथे सुटलं. कवटीच्या हाडांमधून आवाज दोन्ही आतल्या कानांना सारखाच पोचतो. पण एका कानात बूच असेल तर बाहेरचा गोंगाट तिथे येत नाही आणि आतला आवाज बाहेर निसटत नाही, म्हणून तो तिकडे मोठा वाटतो. उलट, जर आतली नस बिघडली असती तर आवाज चांगल्या कानाकडे गेला असता. इतकी साधी वस्तू, ना बॅटरी, ना अ‍ॅप, आणि तिने मला जे सांगितलं ते माझ्या कॅमेऱ्याला सांगता आलं नव्हतं.

मग संवाद झाला तो असा.

“बड वापरता?”

“रोज नाही. अंघोळीनंतर फक्त.”

“म्हणजे रोज.”

मी गप्प.

“आणि हा ओरखडा कशाचा?”

मी पर्समधून दांडी काढून दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन कौतुकाने फिरवली आणि म्हणाले, “कॅमेरा छान आहे हो. चमचा काढून टाका.”

या परीक्षणाचं सार त्यांनी तिथेच सांगून टाकलं. पुढचं मी तपशिलासाठी लिहिते आहे.

कापसाच्या काडीबद्दल त्यांनी जे समजावलं, ते मला तीस वर्षांपूर्वी कुणी सांगायला हवं होतं. कानाची नळी मोठ्या माणसात अडीच सेंटिमीटरच्या आसपास. तिचा बाहेरचा एक तृतीयांश भाग मऊ कुर्चेचा, आतला दोन तृतीयांश हाडाचा. मळ तयार करणाऱ्या ग्रंथी आणि केस फक्त बाहेरच्या भागात. आतली कातडी कागदासारखी पातळ आणि खाली थेट हाड, म्हणून तिथे लागलं की डोळ्यांत पाणी येतं. म्हणजे मळ मुळात जन्मतोच दाराशी. तो पडद्यापाशी सापडला तर बहुतेक वेळा तो कुणीतरी ढकलत नेलेला असतो. मी नेला होता, रोज, अंघोळीनंतर. काडीला जो पिवळा थर लागायचा तो बघून मला साफसफाईचं समाधान मिळायचं, आणि उरलेला ठासला जायचा. जुन्या तोफेत दारू ठासतात, तसा.

आणि ‘मळ’ हा शब्दच चुकीचा आहे, असं आता वाटायला लागलंय. तेलग्रंथींचा स्राव, घामाच्या ग्रंथींच्याच जातीतल्या पण बदललेल्या ग्रंथींचा स्राव, आणि बराचसा भाग झडलेली कातडी. किंचित आम्लधर्मी, त्यामुळे जंतू आणि बुरशीला तिथे वस्ती करणं जड जातं. पाणी टिकू देत नाही. धूळ धरून ठेवतो. आणि बाहेरही आपोआप येतो, हे तर मला अजिबात माहीत नव्हतं. पडद्यावरची आणि नळीतली कातडी जागच्या जागी झडत नाही, ती हळूहळू बाहेरच्या दिशेने सरकत असते, नखं वाढावीत साधारण त्या वेगाने, आणि मळाला पाठीवर घेऊन दारापर्यंत आणते. बोलताना, चावताना जबडा हलतो, त्याचीही मदत होते. कानाला स्वतःचा सरकता पट्टा आहे आणि मी रोज त्या पट्ट्यावर उलट दिशेने चालत होते. त्यात आठ-आठ तास इअरफोनची बुचं लावून दारही बंद.

त्या काड्यांचा जन्म १९२३ सालचा. लिओ गेर्स्टेनझांग नावाच्या गृहस्थाने आपल्या बायकोला दात कोरायच्या काडीला कापूस गुंडाळून बाळाला स्वच्छ करताना बघितलं आणि त्यातून धंदा उभा केला, अशी त्यांची कथा सांगितली जाते. आज पाकिटावर ‘कानाच्या नळीत घालू नका’ असं छापलेलं असतं आणि सगळे ती त्यासाठीच घेतात. अमेरिकेत १९९० ते २०१० या २१ वर्षांत कापसाच्या काडीने कान दुखावलेली सुमारे २ लाख ६३ हजार मुलं रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत आणली गेली, म्हणजे दिवसाला सरासरी ३४. आणि त्यातली बहुतेक खेळताना नाही, कान साफ करतानाच दुखावलेली.

डॉक्टरांनी ओरखड्यामुळे त्या दिवशी मळ काढला नाही. पडदा फाटलेला असेल अशी कुठलीही खूण नव्हती, ते नीट विचारून-तपासून सोडाबायकार्बचे थेंब दिले, पाच दिवस. यांचंही परीक्षण लगे हात करून टाकते. थेंब घालायचे, त्याच कुशीवर नव्हे, दुसऱ्या कुशीवर पाच-दहा मिनिटं पडून राहायचं, मग कापूस न कोंबता बाहेर ओघळू द्यायचं. पहिले दोन दिवस ऐकू येणं सुधारण्याऐवजी आणखी कमी झालं. मळ भिजून फुगतो, म्हणून. हे आधी सांगितलेलं नसतं तर मी थेंबांना एक तारा देऊन मोकळी झाले असते. कुठल्या कंपनीचे थेंब चांगले, यावर लोक हिरिरीने भांडतात. पण वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१८ साली केलेल्या आढाव्यात एका प्रकारचे थेंब दुसऱ्यापेक्षा नक्की सरस आहेत असं दिसलं नाही, साध्या पाण्यापेक्षा किंवा मिठाच्या पाण्यापेक्षा सरस आहेत असंही नाही. त्यातल्या एका चाचणीत पाच दिवसांनी पूर्ण मोकळे झालेले कान थेंब घातलेल्यांत २२ टक्के, काहीच न केलेल्यांत ५ टक्के. म्हणजे थेंब काम करतात, पण दर पाचांत चार कानांना पुढची पायरी लागते. माझा कान त्या चारांतला. मात्र पडद्याला भोक असेल, कान वाहत असेल, कानावर पूर्वी शस्त्रक्रिया झाली असेल किंवा पडद्यात नळी बसवलेली असेल, तर थेंबही नकोत आणि पाण्याची पिचकारीही नको, आधी दाखवायचं.

सहाव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली सक्शन. चार महिन्यांतला हा माझा सर्वांत आवडता अनुभव आहे, आणि हे वाक्य माझ्या घरात कुणाला समजत नाही. आरामखुर्चीत मागे टेकून बसायचं. डॉक्टरांना दोन्ही डोळ्यांनी बघायला मिळतं, म्हणजे खोली कळते. हाच तो फरक, जो माझ्या सपाट पडद्यात नव्हता. बारीक नळीचा आवाज मात्र प्रचंड, कानात कुणी पावसाळी वादळ सोडल्यासारखा. मधे एकदा खुर्ची किंचित फिरल्यासारखी वाटली. “गार हवेने होतं, थांबतो,” ते म्हणाले.

त्या गरगरण्यावर एका माणसाला नोबेल मिळालं आहे. व्हिएन्नाचे कानाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी यांना दिसलं की कान धुताना पाणी गार असलं की रुग्णाला गरगरतं आणि त्याचे डोळे एका दिशेला हिसके देतात. पाणी फार ऊन असलं तर उलट दिशेला. शरीराएवढंच कोमट असलं तर काहीच नाही. आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या नळ्यांतला द्रव तापमानाने वाहायला लागतो, असा त्यांनी अर्थ लावला. १९१४चं वैद्यकाचं नोबेल. बातमी पोचली तेव्हा ते रशियाच्या ताब्यात, युद्धकैदी म्हणून छावणीत होते. मला हे माहीत असण्याचं कारण डॉक्टर नव्हेत. मी एकदा एक व्याख्यान उतरवलं होतं आणि ‘बारानी’ हा शब्द नीट ऐकू यावा म्हणून अकरा वेळा मागे गेले होते. तेव्हा घरी रबरी फुग्याने पाणी मारणाऱ्यांनी निदान पाणी ३७ अंशांच्या आसपास आहे ना, एवढं बघावं. मी तो फुगा वापरलेला नाही आणि वापरणारही नाही, माझ्या खोकल्याचं काय सांगावं.

पाच मिनिटांत बूच बाहेर. तव्यासारख्या ट्रेमध्ये पडलं, नळीच्या आकाराचं, एका बाजूला निमुळतं. आतल्या टोकाला काहीतरी पांढरट धागे. डॉक्टरांनी चिमट्याने ओढून दाखवले. कापूस. माझ्याच काड्यांचा, कुठल्या सालचा कोण जाणे. देवमाशाच्या कानात मळाचं बूच आयुष्यभर साठत जातं आणि त्याच्या थरांवरून वय मोजता येतं. २०१३ मध्ये एका निळ्या देवमाशाच्या अशा बुचातून त्याने कधी किती ताण सोसला आणि कधी कुठलं प्रदूषण अंगात गेलं, तेसुद्धा शास्त्रज्ञांनी वाचून काढलं. माझ्या बुचातून एवढंच वाचता आलं की या बाईने कुणाचं ऐकलं नाही.

आणि मग आवाज आले. माझे केस कॉलरवर घासल्याचा. डॉक्टरांनी कागद फाडला त्याचा, इतका कर्कश की मी दचकले. बाहेर आल्यावर स्वतःच्या चपलांचा.

पुन्हा यंत्राकडे येते, कारण परीक्षण त्याचं आहे. मी ते फेकलं नाही. सिलिकॉनचे चमचे टाकून दिले. एक ठेवावा लागतो, कारण उघडं टोक धारदार आहे आणि दिव्यांनी कोमट होतं. सगळ्यांत आखूड चमच्याची पात कात्रीने कापून नुसती टोपी ठेवली आहे. महिन्यातून एकदा, बसून, कोपर टेबलावर टेकवून, दारातूनच बघते. पाठीमागून कुणी येणार नाही याची खात्री करून. प्रत्येकाने बघायच्या आधी आणि नंतर स्पिरिटने पुसते. एवढंच.

त्याचा खरा उपयोग झाला तो सासूबाईंना. त्यांचं श्रवणयंत्र महिनाभर कुईकुई करत होतं. “अगं, हे शिट्ट्या मारतंय, मी नाही,” असं त्या पाहुण्यांना सांगायच्या. दुरुस्तीला दोनदा देऊन झालं, यंत्र ठीक आहे असं उत्तर आलं. मी कॅमेऱ्याने बघितलं तर नळीत मळाची भिंत. यंत्रातून निघालेला आवाज भिंतीवर आपटून परत माइकमध्ये, म्हणून शिट्टी. वय वाढलं की ग्रंथींचा ओलावा कमी होतो, मळ कोरडा आणि घट्ट होतो, केस राठ होतात आणि श्रवणयंत्राचा साचा दार अडवतो. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे की मळ साठून अडण्याचा त्रास मुलांत दहात एकाला, मोठ्यांत विसात एकाला आणि वृद्धांत एक तृतीयांशाहून जास्त जणांना असतो. त्यांतल्या कितीजणांना घरचे ‘आता ऐकू कमी येणारच’ म्हणून सोडून देत असतील! सासूबाईंचा मळ डॉक्टरांनी काढला, शिट्टी थांबली. आता आम्ही स्वयंपाकघरात हळू आवाजात बोललेलंही त्यांना कळतं, ही वेगळी अडचण.

पण एक धोका सांगायलाच हवा, कारण बघण्याचं यंत्रही फसवू शकतं. कॅमेऱ्यात मळ दिसला म्हणजे ऐकू न येण्याचं कारण सापडलंच, असं नाही. एका कानाचं ऐकणं अचानक, तासा-दोन तासांत किंवा झोपून उठल्यावर गेलं, आणि आत बघितलं तर चंद्र स्वच्छ दिसतोय, तर फोटो काढत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर. आतल्या कानाची नस अचानक बिघडते, त्यावरचं औषध जितकं लवकर सुरू होईल तितकी आशा जास्त, आणि ‘मळ असेल, बघू’ म्हणत लोक त्यातले पहिले दिवस घालवतात. मला सुरुवातीला जो दडा बसला, तो तसलाही असू शकला असता. हुंकार डावीकडे घुमत होता, म्हणून नव्हता. मला तेव्हा हे माहीत नव्हतं. तसंच कान वाहणं, रक्त, ताप, ठणका, गरगरणं: यात कॅमेऱ्याचं काही काम नाही. लहान मुलाच्या कानात घड्याळाची छोटी बॅटरी गेली असेल तर थेंबसुद्धा घालू नका, सरळ पळा.

कानात मेणबत्ती पेटवून मळ ओढून काढायचा प्रकार याच कंपनीच्या पानावर ‘हेही घ्या’ म्हणून दाखवतात. त्याने काही ओढलं जात नाही. १९९६ सालीच मोजून बघितलं गेलंय: ओढ निर्माण होतच नाही आणि नळकांडीत जे तपकिरी उरतं ते मेणबत्तीचंच मेण. भाजणं मात्र खरं.

म्हणून तारे असे. चित्र: चार, पाचवा खोली दिसत नाही म्हणून कापला. बांधणी: तीन, चार्जिंगचं झाकण दुसऱ्या महिन्यात सैल झालं. अ‍ॅप: दोन. चमचे: शून्य. ‘आठवड्यातून दोनदा’ हा सल्ला छापणाऱ्याला उणे पाच द्यायची सोय इथे नाही. मी कान आता कसे साफ करते, असं विचाराल तर टॉवेलाचं टोक बोटावर घेऊन पाळी पुसते, जेवढं बोट सहज जातं तेवढंच. इअरफोनच्या जागी कानावर बसणारा मोठा हेडफोन घेतला, त्याच्या रबरी गाद्या दर शुक्रवारी पुसते. वर्षातून एकदा सासूबाईंबरोबर माझीही तपासणी.

आणि धातूच्या त्या सात कानकोरण्यांपैकी सहा भंगारात गेल्या. स्प्रिंगसारखी पिळलेली मी ठेवली आहे. कीबोर्डच्या फटींतला कचरा तिने फार सुरेख निघतो.